पन्नास ओहम

वनिता मगदूम सिग्नल जनरेटरपुढं बसली की तिला हाक मारायची कुणाची छाती होत नसे. प्रयोगशाळेचे प्रमुख घोरपडे साहेबसुद्धा दारातून डोकवायचे, तिचा हात बटणावर दिसला की मुकाट्यानं मागं फिरायचे आणि चहा पिऊन यायचे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ही प्रयोगशाळा होती. दवाखान्यांत वापरायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं इथून तपासून, सील लावून बाहेर पडत. वनिता तिथं सत्तावीस वर्षं नोकरीला होती आणि तिनं सील लावलेलं एकही यंत्र तक्रार घेऊन परत आलेलं नव्हतं. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

हा सिग्नल जनरेटर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. एखादं यंत्र बरोबर मोजतंय का हे पाहायचं, तर आपल्याला पक्की ठाऊक असलेली गोष्ट त्याला मोजायला द्यायची. किलोचं माप टाकून तराजू तपासतात, तसंच. जनरेटर विजेची अशी मापं तयार करतो. हवी ती कंपनसंख्या सांगा, लाटेची उंची सांगा, तो तंतोतंत तशी लाट तारेतून सोडतो. मात्र समोर जोडलेलं यंत्र किती वीज ओढणार, हे त्याला आधी सांगावं लागतं. त्याला लोड म्हणतात. समोरचं यंत्र पन्नास ओहमचं, म्हणजे बरीच वीज ओढणारं असेल, तर निम्मं व्होल्टेज जनरेटरच्या आतच जिरतं, म्हणून तो मुळातच दुप्पट तयार करतो. समोरचं यंत्र जवळजवळ काहीच ओढत नसेल, आणि दवाखान्यातली यंत्रं अशीच असतात, तर मेनूत जाऊन 'हाय-झी' निवडायचं, मग तो मागितलं तेवढंच देतो. इथं निवड चुकली की पडद्यावर शंभर दिसतात आणि तारेतून दोनशे जातात.

या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक जण उमेदवारीत ही चूक एकदा करतो, बोलणी खातो आणि शहाणा होतो. वनितानं ती उमेदवारीतही केली नव्हती. सकाळी आल्या आल्या चप्पल काढायची, मशीन चालू करायचं आणि सगळ्यांत आधी लोड हाय-झी करायचा, हा तिचा नेम होता.

ती जितकी मोजूनमापून बोलायची, तितकाच तिचा नवरा सुटलेला. बाबासो मगदूम गूळ बाजारात सौदे काढायचा. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगेपुढं उभा राहून तो भाव पुकारायला लागला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं माना वळवायची. घरातही त्याचा आवाज तोच. "अहो, मी इथंच आहे, स्वयंपाकघरात. गांधीनगरच्या बाजारात नाही," असं वनिता दिवसातून एकदा तरी म्हणायची. त्यावर तो आणखी मोठ्यानं हसायचा.

२०४१ सालच्या जानेवारीत एका सकाळी भाव पुकारता पुकारता बाबासोचा आवाज अर्ध्या आकड्यावर थांबला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. डोळे तेवढे पहिल्यासारखे बोलके राहिले.

अशा माणसांसाठी 'वाचासेतू' नावाचं यंत्र नुकतंच दवाखान्यांत आलं होतं. मेंदूच्या ज्या भागात शब्द तयार होतो, त्या भागावर कागदाइतकी पातळ जाळी बसवायची. शब्द तयार होताना तिथं विजेची बारीकशी लाट उठते. कानामागं लावलेली डबी ती लाट ओळखते आणि तो शब्द मोठ्यानं बोलते, तेही त्या माणसाच्याच जुन्या आवाजात. अडचण एकच होती. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही तशीच लाट उठते, फक्त लहान. चाळीस मायक्रोव्होल्टची लाट म्हणजे नुसता विचार आणि शंभराची म्हणजे बोलायचं म्हणून बाहेर ढकललेला शब्द. मनातलं मनात राहावं म्हणून कायद्यानं सत्तरावर एक फाटक घातलं होतं. सत्तराच्या खालचं डबी कधीच बोलणार नाही. हे फाटक प्रयोगशाळेत जनरेटरनं पक्कं करायचं आणि सील लावायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ते हलवता येत नसे.

बाबासोची डबी तपासायला आली तेव्हा घोरपडे साहेब म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या कुणाला देऊ का? घरचं काम आहे, मन थाऱ्यावर राहत नाही माणसाचं."

"माझ्याइतकं बारकाईनं कोण करतंय इथं?" वनिता म्हणाली. तिनं डबी आपल्या टेबलावर नेली.

त्याच सकाळी अकरा बेचाळीसला वसाहतीतली वीज एक क्षण गेली आणि आली. वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा खोका त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. जनरेटर बंद पडून आपोआप सुरू झाला आणि कारखान्यातून येतो तसा, लोड पन्नास ओहम धरून बसला. वनितानं लाटेचा आकार पुन्हा घातला, कंपनसंख्या घातली, उंची शंभर घातली. मशीन तिनं स्वतः चालू केलं नव्हतं, त्यामुळं सकाळचा नेम हाताला आठवला नाही. लोड दिसतो तो आतल्या मेनूत आणि त्या घटकेला तिच्या मनात एकच चाललं होतं, की ह्यांचा पहिला शब्द काय असेल. चहा मागतील, की शिवी देतील? ती एकटीच हसत होती. तिनं शंभर म्हणून दोनशे पाठवले, डबीनं दोनशेला शंभर मानलं आणि फाटक सत्तराच्या जागी एकशेचाळीसवर जाऊन बसलं. वनितानं त्यावर सील लावलं आणि सही केली.

त्या दिवशी तिनं दुसरं यंत्र हातात घेतलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं लोड हाय-झी केला. म्हणजे चुकली ती एकच डबी, नवऱ्याची.

दवाखान्यात डॉ. हुक्केरींनी डबी बाबासोच्या कानामागं बसवली. लेक ऋचा पुण्याहून आली होती. "काका, काहीही बोला," डॉक्टर म्हणाल्या. "हवं तर मला शिव्या द्या."

बाबासोनं वनिताकडं पाहिलं. त्याच्या गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या, कपाळावर घाम आला. डबी गप्प. डॉक्टरांच्या पडद्यावर लहान लहान काड्या उठत होत्या, सगळ्या लाल रेषेखाली.

"हे विचार आहेत. बोलायचं म्हणून ढकललेला शब्द रेषेच्या वर येतो," त्या म्हणाल्या. "सवय व्हायला नव्वद दिवसांची मुदत आहे. घाई नको."

"आई, मशीनमध्येच काही गडबड नसेल ना?" ऋचानं विचारलं.

"मी स्वतः तपासलंय, ऋचा. सील माझं आहे." वनिता फटकन म्हणाली. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, मशीन बरोबर आहे. तुम्ही जोर लावा."

घरी रोज सकाळी ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्यात ती विनवण्या करायला लागली. विसाव्या दिवशी तिचा पारा चढला. "मनापासून करतच नाही तुम्ही! शंभरातलं सत्तर तर काढायचंय. मशीन बरोबर आहे, आता तुमच्यावर आहे सगळं." बाबासोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, चला, निदान राग तरी आला.

हळूहळू तिच्या मनानं वेगळंच घेतलं. झटका यायच्या आदल्या आठवड्यात दोघांचं वाजलं होतं. तिनं लवकर निवृत्ती घ्यावी, दोघांनी जरा हिंडावं, असं त्याचं म्हणणं होतं आणि तिनं ते उडवून लावलं होतं. 'तुला माणसापेक्षा मशीन प्यारं,' असं तो म्हणाला होता. माणूस रुसलाय, विचार करतोय पण मुद्दाम बोलत नाही, असं तिला वाटायला लागलं. एकदा तिनं तोंडावर विचारलंही, "माझ्यावर रुसलाय ना तुम्ही?" बाबासो तिच्याकडं टक लावून बघत राहिला. डबीतून चकार शब्द आला नाही.

नव्वदाव्या दिवशी अहवाल आला. 'विचार शिल्लक आहेत. बोलण्याची इच्छा आढळत नाही.' डबी परत गेली. जाळी डोक्यातच राहिली, कारण ती काढणं धोक्याचं होतं.

त्या एका ओळीनं वनिता आतून करपली. तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपल्याशी बोलायची इच्छा नाही, हे कागदावर छापून मिळालं होतं. तिनं त्याच्या सेवेत काही कमी केलं नाही. अंघोळ, मऊ भात, औषधं, सगळं घड्याळाच्या काट्यावर. फक्त त्याच्याशी बोलणं तिनं सोडलं. सकाळी टीव्ही लावून द्यायची आणि कामावर निघून जायची. दिवसभर सांभाळायला एक बाई येत, त्याही टीव्हीच बघायच्या. ऋचा फोनवर विचारायची, "पप्पांना समजतं का गं काही?" वनिता म्हणायची, "समजत असेल."

पाच महिन्यांनी गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेसाठी एक जुनी डबी नव्यानं तपासायला तिच्या टेबलावर आली. खोक्यावर तिचंच सील होतं आणि क्रमांक तिला पाठ होता, नवऱ्याच्याच डबीचा. तिनं मन घट्ट केलं, जनरेटर चालू केला, लोड हाय-झी केला आणि लाट हळूहळू वाढवत नेली. सत्तरावर फाटक उघडायला हवं होतं. उघडलं नाही. ऐंशी, शंभर, एकशेवीस. एकशेचाळीसवर डबी बोलली.

यंत्र झिजलं तर आकडे थोडेफार सरकतात. बरोब्बर दुप्पट कधी होत नाहीत. बरोब्बर दुप्पट का होतं, हे या धंद्यातल्या माणसाला विचारायला जावं लागत नाही.  वनितानं जनरेटरची त्या दिवसाची जुनी नोंद उघडली. अकरा बेचाळीस, पुन्हा सुरू. लोड, पन्नास ओहम. त्याखाली दिवसभरात लोड बदलल्याची नोंद नव्हती.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, माझ्या हातून चूक झालीय," ती म्हणाली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

घोरपडे साहेबांनी कपाळ चोळलं. "वीज गेली होती मॅडम. बॅटरी जागेवर नव्हती. अहवालात तसंच लिहू या. तुमचा यात काय..."

"वीज परत आली होती, साहेब. लोड मी बघितला नाही. तसंच लिहा." मग तिनं विचारलं, "डबीत नव्वद दिवसांच्या लाटा साठवलेल्या असतात ना?"

"असतात. पण ते मनातलं असतं. बायकोलाही ऐकता येत नाही."

"मला मनातलं नको. फाटक सत्तरावर आणते आणि त्याच्या वर जे असेल तेवढंच ऐकते. ते त्यांनी मला बोललेलंच आहे. मी ऐकलं नाही एवढंच."

साहेबांनी मान डोलावली. चाचणीच्या खोलीत तिला एकटीला सोडून त्यांनी स्वतः बाहेरून दार ओढून घेतलं.

जनरेटरला साठवलेली कुठलीही लाट पुन्हा जशीच्या तशी वाजवता येते. वनितानं नवऱ्याच्या लाटा त्यात भरल्या, लोड तीनदा तपासला, फाटक सत्तरावर आणलं आणि बटण दाबलं. इतक्या महिन्यांनी बाबासो मगदूमचा आवाज आला, तोच, बाजारातला.

"वनिता! आगं वनिता, ऐकू यायलंय का? ऋचा, पप्पा बोलायलोय बघ!" हा पहिला दिवस. "डॉक्टरीणबाई, तुमास्नी कशाला शिव्या देऊ? हिलाच देतो. आधी चा दे म्हणावं, साखर घालून."

वनिता हसली आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला.

तिसरा दिवस. "मशीनचं काय तर चुकलंय. वनिता, बघ की एकदा."

विसावा दिवस. "मनापासनंच बोलायलोय की गं. वरडायलोय. किती वरडू आजून?"

मग तिनं तोंडावर विचारलं होतं तो दिवस, चौतिसावा. "रुसलो न्हाई गं. तुझ्यावर कशाला रुसू? आसं म्हणू नको."

बावन्नावा दिवस दवाखान्यातला होता. "डॉक्टर, हिच्या म्होरं बोलू नका, तिला वाईट वाटंल. पर मशीन दुसऱ्या कुणाकडनं तर तपासून घ्या."

पुढं मधली मधली अंतरं वाढत गेली. एकाहत्तराव्या दिवशी सकाळी तो एकदाच बोलला होता, अगदी सावकाश. "वनितानं तपासलंय म्हंजे मशीन बरोबरच आसणार. तिचं कधी चुकत न्हाई. माझंच काय तर गेलंय." त्यानंतर नव्वदाव्या दिवसापर्यंत फाटकाच्या वर काहीच नव्हतं.

वनितानं टेबलावर डोकं ठेवलं. माणूस एकाहत्तर दिवस जिवाच्या आकांतानं ओरडला होता आणि गप्प बसला तो तिच्यावरच्या विश्वासापायी. ती इतकी रडली की बाहेर उभ्या साहेबांना तिथून हलावंसं वाटेना.

अहवाल तिनं लिहिला तसाच गेला. तिचा सीलचा अधिकार निघाला, त्याचं तिला काही वाटलं नाही. नवी डबी तिनं दुसऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतली. डॉ. हुक्केरींनी डबी देताना तिला बाजूला घेतलं. "वनिताताई, खरं सांगते. जो शब्द सहा-सात महिने कुणी बाहेर ढकललाच नाही, त्याची वाट बुजत जाते. त्यांनी रोज झगडून प्रयत्न केला, महिनोन्महिने, तर कदाचित. फार आशा ठेवू नका. आणि प्रयत्न सोडला तर मग काहीच नाही."

रविवारी दुपारी वनितानं टीव्ही बंद केला. सांभाळणाऱ्या बाईंना सुट्टी दिली. प्रयोगशाळेतला हातात मावणारा जनरेटर तिनं साहेबांकडून मागून आणला होता, तो खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. डबी नवऱ्याच्या कानामागं बसवली आणि त्याचा डावा हात धरला.

"अहो, माझं चुकलं. मशीन चुकलेलं होतं. तुम्ही बोलत होता, सगळं बरोबर बोलत होता. मी लोड बघितला नाही."

बाबासोनं अर्ध्या ओठांनी हसून तिच्या हातावर थोपटलं. आपली समजूत घालायला बायको स्वतःवर आळ घेतेय, असंच त्याला वाटत होतं. तिचं चुकेल, हे त्याला पटतच नव्हतं.

तेव्हा तिनं चाचणीच्या खोलीत फोनवर टिपून घेतलेला त्याचाच आवाज त्याला ऐकवला. "वनिता! आगं वनिता, ऐकू यायलंय का?" बाबासोचा थोपटणारा हात थांबला. त्यानं चहाचं ऐकलं, ओरडण्याचं ऐकलं, एकाहत्तरावा दिवस ऐकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं आणि तो वनिताकडं बघत होता. त्या बघण्यात राग शोधूनही तिला सापडला नाही. सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आता बोला," ती म्हणाली. "मला बोल लावा. काय वाटेल ते बोला."

त्यानं मान ताठ केली. गळ्याच्या शिरा टरारल्या, कपाळावर घाम आला. वनितानं पडद्याकडं पाहिलं. बारा. पंधरा. अकरा. विचाराच्या चाळिसापर्यंतसुद्धा काडी उठत नव्हती. त्यानं श्वास घेऊन पुन्हा जोर लावला. नऊ.

तिनं डबी काढून जनरेटरला जोडली. लोड पाहिला, हाय-झी होता. तार बदलून पाहिली, पुन्हा मेनूत जाऊन लोड पाहिला. सत्तरावर फाटक उघडलं. शंभरावर डबी स्वच्छ बोलली. एका मायक्रोव्होल्टचाही फरक नव्हता. आयुष्यात इतकं अचूक यंत्र तिच्या हातात क्वचितच आलं असेल.

बाबासो तिच्या तोंडाकडं बघत होता. ती काय सांगणार, तेच त्याच्यासाठी खरं होणार होतं. मशीन बरोबर आहे म्हटलं, की तो उशीवर मान टेकवणार आणि मग कायमचा गप्प राहणार, हे तिला समोर दिसत होतं. सत्तावीस वर्षांत तिनं जाणूनबुजून चांगल्या यंत्राला कधी वाईट म्हटलं नव्हतं आणि वाईटाला चांगलं म्हटलं नव्हतं.

"मशीनच बिघडलंय हो," वनिता म्हणाली. "कुणी तपासलंय मेल्यानं, धड जोडलंसुद्धा नाही. मी करते दुरुस्त. पण तुम्ही थांबायचं नाही, रोज बोलत राहायचं. आत सगळं साठतंय. मी एकूण एक ऐकणार आहे."

बाबासोच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. त्यानं मान डोलावली, श्वास घेतला आणि गळ्याच्या शिरा ताणून तो पुन्हा बोलायला लागला. वनिता पडद्याकडं पाठ करून बसली आणि त्याच्या तोंडाकडं बघत मधूनमधून म्हणत राहिली, "हो. हो. बरं. मग?"